डॉ. होमी भाभा

घाटकोपरच्या दक्षिणेस ट्रॉम्बेचा डोंगर आहे. तेथील अणुसंशोधन केंद्रास ज्यांचे नाव दिले आहे, त्या डॉ. होमी भाभा यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहो.

त्यांचा जन्म मुंबईस ३० ऑक्टोबर १९०९ रोजी झाला. वडिलांच्या इच्छेनुसार केंब्रिजला ते यंत्रशास्त्र शिकले खरे. परंतु त्यांचे मन पदार्थविज्ञानातच रमले. विश्वकिरणांतील एकच वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला असता असंख्य कणांची वृष्टी कशी होते, याची उपपत्ती त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ साली मांडली.

एकेका कणात एवढी शक्ती, मग तीवर गिरण्या का चालू नयेत? कारण, हे कण फार विरळ. त्यांची एकूण शक्ती रात्रीच्या तारकाप्रकाशाएवढीच भरते. देशाला हवी असलेली वीज भाभांनी युरेनियमच्या अणूत शोधिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेस ‘अप्सरा’ ही संशोधनाची अणुभट्टी सुरू झाली. तारापूरची वीज १९६९ साली मिळू लागली. पण ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान-अपघातात त्यांचा अंत झाला होता.

विश्वकिरणांनी एकही दिवा लागला नाही. परंतु त्यांच्या अभ्यासाने दिवा लावणारा माणूस घडला. परीक्षेपुरतेच शिकणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे, अशी आमची विनंती आहे.