गंगापूर धरणाकाठी कॅरॅव्हॅनमध्ये फुकटात टीव्ही दिसतो, त्यामागं विक्रम साराभाईंचा एक हट्ट आहे

नाशिकमध्ये कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढायला लागलीय. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून गंगापूर धरणाचा परिसर, द्राक्षांचे मळे, त्र्यंबकचा रस्ता अशा ठिकाणी चाकांवरचं घर उभं करून रात्र काढायची हौस बऱ्याच जणांना लागली. पण डोंगराच्या आडोशाला गाडी लावली की मोबाईलची रेंज दगा देते आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या किंवा मॅच बघायचे वांदे होतात.

यावर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे. दोन फुटांची छत्री, डीडी फ्री डिशचा बॉक्स आणि छोटा टीव्ही. महिन्याचं बिल नाही, इंटरनेट नाही. छत्री बरोबर लागली की सह्याद्री वाहिनी सुरू.

आता प्रश्न असा, की डोंगर मोबाईलचा सिग्नल अडवतो, मग टीव्हीचा का अडवत नाही?

कारण हा सिग्नल समोरच्या टॉवरवरून येत नाही, वरून येतो. आणि भारतात टीव्ही वरून आणावा, तो आधी खेड्यात पोचावा, ही कल्पना ज्यांनी सरकारच्या गळी उतरवली ते होते डॉ. विक्रम साराभाई.

साराभाई म्हणजे इस्रोचे जनक, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्यांच्या डोक्यात रॉकेटइतकाच टीव्हीही होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

गिरणीमालकाचा मुलगा

12 ऑगस्ट 1919 ला अहमदाबादमध्ये विक्रम यांचा जन्म झाला. वडील अंबालाल साराभाई म्हणजे कॅलिको मिलचे मालक. घरी पैशाची कमी नव्हती, पण हे घर नुसतं श्रीमंत नव्हतं. गांधीजी आणि रवींद्रनाथ टागोरांसारख्या माणसांशी या कुटुंबाचा घरोबा होता. आई सरलादेवींनी मुलांसाठी घरातच माँटेसरी पद्धतीची शाळा काढली होती. आत्या अनसूया साराभाई तर 1918 च्या अहमदाबादच्या संपात गिरणी कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या, म्हणजे थेट स्वतःच्या भावाच्या विरोधात.

अशा घरात वाढलेला मुलगा गिरणीच्या गादीवर बसला नाही. शिकायला केंब्रिजला गेला आणि 1940 मध्ये तिथली पदवी घेतली. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. विक्रम भारतात परतले आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली कॉस्मिक किरणांवर काम करू लागले. कॉस्मिक किरण म्हणजे अवकाशातून सतत पृथ्वीवर येऊन आदळणारे अतिवेगवान कण. होमी भाभाही तेव्हा तिथंच होते. 1942 मध्ये विक्रम यांचं नृत्यांगना मृणालिनी यांच्याशी लग्न झालं.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि 1947 मध्ये पीएचडी करून आले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी अहमदाबादला फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली, तीही एका कॉलेजच्या खोल्यांमध्ये. तेव्हा त्यांचं वय होतं 28.

पुढच्या काळात त्यांनी संस्था उभ्या करायचा धडाकाच लावला. कापड गिरण्यांसाठी संशोधन करणारी अटिरा, मृणालिनींच्या बरोबरीनं दर्पणा ही कला अकादमी, 1961 मध्ये आयआयएम अहमदाबाद. घरचा औषधांचा कारखानाही ते बघत होते.

चर्चमधलं रॉकेट केंद्र

1962 मध्ये सरकारनं अवकाश संशोधनासाठी एक समिती नेमली, नाव इन्कोस्पार. अध्यक्ष विक्रम साराभाई. रॉकेट सोडायला जागा हवी होती आणि ती पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ हवी होती. केरळमधलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव त्यात बरोबर बसत होतं. अडचण एवढीच, की जागेवर सेंट मेरी मॅग्डालीनचं चर्च होतं. साराभाई बिशपना भेटले, गावकऱ्यांनी होकार दिला आणि चर्चची इमारत कार्यालय झाली.

21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्यावरून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेतून आलेलं होतं, त्याचे भाग इथं सायकलवरून नेल्याचे फोटो आजही फिरत असतात.

साहजिकच लोक विचारत होते, की जिथं दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे त्या देशाला हे कशाला हवं? साराभाईंची भूमिका स्पष्ट होती. चंद्रावर जायच्या शर्यतीत त्यांना उतरायचं नव्हतं. शेती, शाळा, आरोग्य आणि हवामान यासाठी अवकाश वापरता येत असेल तरच त्यात पैसे घालण्याला अर्थ आहे, असं ते मांडत राहिले.

आणि त्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार होतं टीव्ही.

टॉवर की उपग्रह?

तेव्हाची परिस्थिती बघा. भारतात टीव्ही 1959 मध्ये सुरू झाला, पण कितीतरी वर्षं तो फक्त दिल्लीतच दिसायचा. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडावा लागला.

टीव्हीचा सिग्नल साधारण सरळ रेषेत जातो. टॉवर कितीही उंच केला तरी पृथ्वीच्या गोलाईमुळं काही अंतरानंतर तो क्षितिजाखाली जातो. मध्ये डोंगर आला तर विषयच संपला. मुंबई आणि नाशिकच्या मध्ये सह्याद्री उभा आहे, त्यामुळं वरळीचा टॉवर नाशिकला सरळ दिसूच शकत नाही. म्हणजे टॉवरच्या वाटेनं गेलं तर आधी मोठी शहरं, मग जिल्हे आणि खेड्यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

साराभाईंनी हे गणित उलटं केलं. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, त्यामुळं तो आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. त्याला खालचं दिल्ली आणि खालचं आदिवासी पाडं सारखंच.

1966 च्या जानेवारीत होमी भाभा विमान अपघातात गेले आणि अणुऊर्जा आयोगाची जबाबदारीही साराभाईंकडे आली. दोन्ही कामं सांभाळत त्यांनी टीव्हीचं घोडं पुढं दामटलं. 26 जानेवारी 1967 ला दिल्लीजवळच्या 80 गावांमध्ये सार्वजनिक टीव्ही ठेवून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला. हाच तो कृषी दर्शन. 15 ऑगस्ट 1969 ला इस्रोची स्थापना झाली आणि त्याच सप्टेंबरमध्ये नासाबरोबर करार झाला. अमेरिकेनं आपला उपग्रह वर्षभर भारतासाठी द्यायचा. जमिनीवरची यंत्रणा आणि कार्यक्रम भारतानं करायचे.

नाशिक-पुणे रस्त्यावरचा विक्रम

याच काळातली एक खूण आपल्या वाटेवर आहे. नाशिकहून पुण्याला जाताना संगमनेर, आळेफाटा मागं पडलं की नारायणगाव लागतं. तिथून जवळच्या आर्वी गावात 1971 मध्ये भारतातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. जवळपास 30 मीटर व्यासाची अँटेना. परदेशी फोन आणि संदेश उपग्रहामार्फत इथून जाऊ-येऊ लागले. हे काम भारतीय अभियंत्यांच्या हातून व्हावं असा साराभाईंचा आग्रह होता.

पुढं या केंद्राला विक्रम हेच नाव दिलं गेलं. कारण तोवर साराभाई राहिले नव्हते.

30 डिसेंबर 1971. थुंब्याच्या कामासाठी ते केरळमध्ये आले होते, मुक्काम कोवलमला. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. वय फक्त 52. ज्या टीव्हीसाठी त्यांनी एवढा आटापिटा केला, तो उपग्रहावरून आलेला त्यांनी कधीच पाहिला नाही.

कोंबडीच्या जाळीची छत्री

1 ऑगस्ट 1975 ला साराभाईंचा प्रयोग सुरू झाला. नाव साइट. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह, आणि खाली राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतली 2400 गावं. महाराष्ट्र यात नव्हता, पण प्रकल्पाचं व्यवस्थापन एका मराठी माणसाकडं होतं, कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस.

गावागावात बसवलेल्या तीन मीटरच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. हा नुसता जुगाड नव्हता, त्यात विज्ञान होतं. त्या सिग्नलची तरंगलांबी साधारण 35 सेंटीमीटर होती. जाळीची भोकं त्याहून खूपच लहान असली, की सिग्नलसाठी ती जाळी अख्ख्या पत्र्यासारखीच. वर वाऱ्याचा जोर कमी लागतो, वजन कमी आणि किंमतही कमी.

सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, असे रोज चार तास कार्यक्रम व्हायचे. शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन. ज्या गावांनी आयुष्यात टीव्ही पाहिला नव्हता, त्यांच्या चावडीवर तो थेट उपग्रहावरून आला, तोही मुंबईत दूरदर्शन येऊन तीन वर्षं होत नाहीत तोच.

पण 31 जुलै 1976 ला करार संपला आणि अमेरिकेनं उपग्रह परत नेला. छत्र्या तिथंच, सिग्नल गायब. जे सुरू झालं होतं ते बऱ्याच गावांत एका दिवसात थांबलं. स्वतःचा उपग्रह असल्याशिवाय हे टिकणार नाही, हा धडा देशाला त्यातून मिळाला. 1983 मध्ये इन्सॅट-1बी गेला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत छोटे ट्रान्समीटर उभे राहिले. ते उपग्रहावरून सिग्नल घ्यायचे आणि आसपासच्या गावांना पुन्हा सोडायचे. रामायण, महाभारत बघताना आपल्या आजोबांनी गच्चीवर चढून फिरवलेली अँटेना अशाच ट्रान्समीटरकडं तोंड करून असायची.

आता प्रसार भारतीनं ते ॲनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद केलेत, त्यामुळं गाडीच्या टपावर जुनी काड्यांची अँटेना लावून नाशिकमध्ये काही दिसणार नाही. पण डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, थेट उपग्रहावरून येते. सामानाचा एकदाचा खर्च साधारण दोन हजारांच्या आसपास, पुढं काही नाही.

मग कॅरॅव्हॅनमध्ये चांगलं दिसायला काय करायचं?

फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. नाशिकमधून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेला, म्हणजे होकायंत्रावर 134 अंशाच्या आसपास, आणि क्षितिजापासून सुमारे 57-58 अंश उंचीवर येतो. एवढ्या उंचीमुळं लांबचा डोंगर त्याला आडवा येत नाही. आडवं येतं ते जवळचं झाड. म्हणून गाडी लावतानाच आग्नेयेकडचं आकाश मोकळं आहे का ते बघा. आंब्याखाली सावली मिळेल, टीव्ही मिळणार नाही.

छत्री टपावर लावण्यापेक्षा तिपाईवर, जमिनीवर लावलेली बरी. दोन-तीन अंशांनी रोख चुकला तरी सिग्नल जातो, आणि आत माणसं हलली की गाडी तेवढी हलतेच. तिपाईचा खांब आधी लेव्हलनं सरळ उभा करा, मग मोबाईलच्या होकायंत्रावर दिशा धरा. मोबाईल गाडीच्या पत्र्यापासून लांब ठेवा, नाहीतर काटा फसवतो.

छत्री बघून ती फारशी वर वळलेली वाटणार नाही. घाबरू नका, या छत्र्या ऑफसेट असतात, दिसतात त्यापेक्षा बरंच वरचं बघतात. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलची पट्टी उघडा आणि छत्री अगदी सावकाश फिरवा. प्रत्येक वेळी हलवल्यावर काही सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. शेवटी पुढचा एलएनबी थोडा डावी-उजवीकडे पिळून पट्टी आणखी वाढते का ते बघा. केबल गरजेपुरतीच लांब आणि तिची टोकं घट्ट ठेवा.

दोन गोष्टी मात्र कितीही खटपट केली तरी होणार नाहीत. चालत्या गाडीत साधी छत्री चालत नाही, कारण वळणावर रोख सुटतो. आणि इगतपुरीच्या धो-धो पावसात चित्र फुटणारच. या सिग्नलची तरंगलांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते, ती जोराच्या पावसात शोषली आणि विखुरली जाते. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं.

2023 मध्ये चंद्रावर उतरलेल्या लँडरचं नाव विक्रम होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण साराभाईंना जे हवं होतं ते याहून साधं होतं. जिथं वायर जात नाही, टॉवर दिसत नाही, तिथल्या माणसालाही शहरातल्या माणसाइतकंच स्वच्छ चित्र दिसावं. धरणाकाठच्या गाडीत ते दिसतं, आणि त्याच उपग्रहावरून, त्याच वेळी, त्याच दर्जाचं चित्र सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरही दिसत असतं.