लुई ब्रेल : न ऐकू येणारी अक्षरं बोटांना देणारा शिक्षक

विद्यार्थी मित्रांनो, लुई ब्रेल हे नाव तुम्ही ऐकलेलंच आहे. आज त्यांच्या कामाची थोडी वेगळी बाजू पाहू या.

लुई यांचा जन्म 4 जानेवारी 1809 रोजी फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. वडील घोड्यांसाठी खोगीर व चामड्याचा साज तयार करीत. तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यात खेळताना लुईंच्या डोळ्यात आरी घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. 1819 मध्ये ते पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाले. तिथली पुस्तकं जाडजूड, उठावाच्या अक्षरांची. एकेक अक्षर चाचपत वाचायला फार वेळ लागे.

1821 च्या सुमारास शार्ल बार्बिए यांची 12 ठिपक्यांची लिपी शाळेत आली. कानाला जे ऐकू येतं, त्या ध्वनीची खूण ठिपक्यांनी करायची, अशी तिची पद्धत. तुम्हांला वाटेल, मग अडचण काय? अडचण फ्रेंच भाषेच्या स्वभावातच आहे. 'बोलणे' या क्रियापदाची रूपं पाहा :

तो बोलतो – इल पार्ल (लेखनात शेवटी ई)
ते बोलतात – इल पार्ल (लेखनात शेवटी ई, एन, टी)
आम्ही बोलतो – नू पार-लों

तिसऱ्या रूपात उच्चाराचे दोन तुकडे पडतात, ते कानाला कळतं. पण पहिल्या दोन्हींत 'पार्ल' हा एकच तुकडा. शेवटची अक्षरं लिहायची, बोलायची नाहीत! सर्वनामातला फरकही इथे ऐकू येत नाही. म्हणजे नुसत्या ध्वनीच्या लिपीत एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसणार. मग अंध मुलं शुद्धलेखन शिकणार कशी? शिवाय 12 ठिपक्यांची खूण एका बोटाखाली मावत नसे.

लुईंनी यावर चिकाटीने काम केलं. 1824 पर्यंत, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. त्यात खूण ध्वनीची नव्हे, तर अक्षराची होती. त्यामुळे न उच्चारलेलं अक्षरही बोटाला लागू लागलं. 1829 मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने आली. पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाले.

क्षयरोगाने 6 जानेवारी 1852 रोजी, वयाच्या 43 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. फ्रान्समध्ये या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती 1854 मध्ये. ते पाहायला लुई नव्हते. आज मराठीसुद्धा याच सहा ठिपक्यांत लिहिली-वाचली जाते.

मित्रांनो, ऐकून भाषा बोलता येते, पण ती शुद्ध लिहायची तर अक्षरं हाती यावी लागतात. लुईंनी अंध मुलांना नेमकी तीच मिळवून दिली.