टेंभूचा निबंधकार

आटपाडी-खानापूरकडच्या माणसाला आज टेंभू म्हटले की आठवते ते पाणी. कराडजवळच्या या गावी कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे वळवले जाते. त्याच टेंभूत, त्याच नदीकाठी, १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. सांगलीत मराठी शिकवताना वर्गात हे सांगितले की मुले एकदम कान टवकारत. समाजसुधारक म्हणून आगरकर त्यांना पाठ असत. मला मात्र ओळख करून द्यायची असे ती निबंधकार आगरकरांची.

घरची गरिबी अशी, की शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला असा प्रवास घडला. मिळेल ते काम केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती, वर्तमानपत्रांतले लेखन आणि स्पर्धांतली बक्षिसे यांवर त्यांनी दिवस काढले. तेव्हा निबंध हे त्यांच्या पोटापाण्याचेही साधन होते. आणि एम.ए. होऊन मोठ्या पगाराची वाट मोकळी होत असताना त्यांनी आईला कळवून टाकले, की मुलाच्या हुद्द्याची स्वप्ने पाहू नकोस; पोटापुरते मिळवीन आणि उरलेला वेळ लोकांसाठी घालवीन. त्या माउलीने ते पत्र कसे वाचले असेल, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करून मराठी निबंधाला डौल दिला होता. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’. आगरकर शाळेत शिक्षक, आणि ‘केसरी’चे पहिले संपादकही. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. पुढे मतभेद वाढले, १८८७ मध्ये ‘केसरी’ सुटला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ निघाला.

त्याच १८८८ साली त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक आले. समाजावर तुटून पडणारा हा माणूस कर्ता, कर्म, क्रियापद सोडवीत बसला होता, याचे लोकांना नवल वाटते. मला वाटत नाही. वाक्यात कोण काय करतो हे ज्याला नीट सांगता येत नाही, त्याला रूढीचे ओझे कोणाच्या डोक्यावर आहे हे तरी कसे सांगता येणार? त्यांच्या निबंधांची नावेच पाहा. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’, ‘मूळ पाया चांगला पाहिजे’. विषय नव्हे, विधान! वाचणारा पहिल्याच ओळीत बाजू घेतो किंवा भांडायला उभा राहतो. मग कारणे येतात, विरोधकाचे म्हणणे येते, त्याची छाननी होते. मिल आणि स्पेन्सर वाचून आलेली ही शिस्त, पण भाषा अस्सल घरची, प्रसंगी झोंबणारी.

मुलांना मी हेच करायला सांगे. विषयाचे आधी एक वाक्य करा. त्यावर शेजारच्याला जी शंका येईल ती लिहा. मग तुम्ही पाहिलेले सांगा. गाईडमधून पाठ केलेला निबंध चांगले गुण देतो, हे पालक मला ऐकवीत, आणि ते खोटेही नव्हते. टेंभूचे पाणी तिकडे पोचण्यापूर्वी आटपाडी भागातून आलेल्या एका मुलीने पाण्यावरच्या निबंधाचे पहिले वाक्य लिहिले, की आमच्याकडे पाण्यामुळे मुलींची शाळा सुटते. पुढे थोरल्या बहिणीच्या रोजच्या खेपा, विहिरीचे अंतर, शाळेची वेळ असा सगळा हिशेब होता. अलंकार एकही नाही. तिचे वडील येऊन म्हणाले, गुरुजी, घरातले कशाला लिहायला लावता? मी त्यांना वही वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले, आणि वही मागून घेऊन गेले.

आगरकरांना तर असे लिहिण्याची किंमत रोज मोजावी लागली. विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक (आमचे सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ मध्ये याच सोसायटीने काढले). १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, तरी वर्ग आणि ‘सुधारक’ दोन्ही चालू होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले. ‘केसरी’त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला.