निंदेंतील आनंद : पंडिता रमाबाई

भोर व वेल्हे या डोंगरी भागांत ख्रिस्ती घर म्हटलें म्हणजे गांवांत एखादें दुसरें. विहिरीवर टोमणा, जत्रेच्या दिवशीं हंसें आणि आप्तांचा अबोला हीं तेथील बंधुभगिनींच्या वांट्यास येतात. त्यांच्या डोंगरांतून निघालेली नीरा पुढें ज्या भीमेस मिळते, त्या भीमेच्याच खोऱ्यांत, आपल्याच पुणें जिल्ह्यांत, केडगांव आहे. तेथें ज्यांनीं देह ठेविला त्या पंडिता रमाबाईंचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगतों.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. तीच विद्या कन्येसहि मिळाली. पुढें दुष्काळांत आईबाप व बहीण गेलीं. बाई व त्यांचे बंधु उपाशीपोटीं देशभर पायीं हिंडले. सन १८७८ त कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सन १८८० त विवाह, १८८२ त वैधव्य. तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हां सुधारकांनीं त्यांस डोक्यावर घेतलें. परंतु २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि स्तुतीची निंदा झाली.

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. बाप्तिस्म्याबरोबर बाईंस आनंद मिळाला असें झालें नाहीं. त्यांनींच पुढें आपल्या साक्षींत सांगितलें आहे कीं, कित्येक वर्षें धर्म बुद्धीस पटला होता, पण मनास स्वस्थता नव्हती. सन १८९१ च्या सुमारास ख्रिस्तानें आपलें ओझें खरोखर उचललें आहे हें त्यांस उमगलें, आणि मन हलकें झालें. खरें वादळ त्यानंतर आलें.

विधवांसाठीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस काढलेलें शारदा-सदन पुढच्या वर्षीं पुण्यास आलें होतें. बाई पहांटे प्रार्थना करीत व ज्या मुली आपण होऊन येत त्यांस बसूं देत. १८९३ त यावरून गहजब झाला. वर्तमानपत्रांनीं रेव्हरंड या शब्दास विधवेची शिवी जोडून बाईंस नांव ठेविलें. तें आम्ही येथें छापीत नाहीं. सुमारें २५ मुलींस पालकांनीं काढून नेलें. त्या सर्वांस दुष्ट म्हणणें आम्हांस योग्य वाटत नाहीं, कारण सदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील या भरंवशावर त्यांनीं मुली पाठविल्या होत्या. रानडे व भांडारकर यांच्यासारखे थोर हितचिंतकहि सल्लागार मंडळींतून बाहेर पडले. बाईंचें म्हणणें इतकेंच कीं, आपण कोणावर बळजोरी करीत नाहीं, पण प्रार्थनेच्या खोलीचें दार लावूनहि घेणार नाहीं. बळजोरी नव्हती हें उघड आहे. सदनांत शिकलेल्या विधवा गोदूबाई यांनीं त्याच मार्चांत धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाह केला, आणि त्या हिंदूच राहिल्या.

बाईंनीं शिवीस शिवी दिली नाहीं, सदनहि बंद केलें नाहीं. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या. भूक काय असते हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. शेंकडों मुली त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेगामुळें इतक्यांस ठेवण्याची सोय होईना, म्हणून केडगांवच्या मळ्यावर तंबू ठोकिले. तेंच मुक्तिसदन झालें. सन १९०० च्या दुष्काळांत तेथील माणसें हजाराच्या वर गेलीं. ज्या संस्कृत पंडितेची टर उडविली गेली, ती आतां अनाथ पोरींच्या जेवणाची व शिक्षणाची काळजी वाहत होती.

पुढें त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, गांवच्या अल्पशिक्षित बायकांस कळेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर हातीं घेतलें. जुलै १९२१ त एकुलती मनोरमा वारली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ त मुक्तिसदनाच्या छापखान्यांतून बाहेर पडलें, आणि त्याचे खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळांतून वांचलेल्या बायकांचे हात होते.