रबराला थंडी वाजते तेव्हा: चार्ल्स गुडइयरची गोष्ट आणि माझे हिवाळी टायर



आज फोन आणि ॲप थोडे बाजूला ठेवूया आणि टायरबद्दल बोलूया. सोबत एका माणसाची गोष्टही सांगतो. तो १८६० मध्ये डोक्यावर कर्ज ठेवून गेला, आयुष्यात त्याने एकही मोटार पाहिली नाही, तरी आज जगातली प्रत्येक गाडी त्याच्या शोधावर धावते.

मी मूळचा अकोल्याचा, सध्या कॅनडातल्या ऑटावामध्ये राहतो. गेल्या वर्षी आम्ही एक सेकंडहँड छोटी गाडी घेतली. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे बर्फाची चिंताच नाही, असं मी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं. ऑटावा ऑन्टॅरियो प्रांतात येतं आणि इथे हिवाळी टायरची सक्ती नाही. नदी ओलांडली की क्युबेक लागतं, तिथे नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर लावावेच लागतात. आपल्याकडे सक्ती नाही तर खर्च कशाला, असा सोयीचा हिशोब मी केला.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी मुलीला पाळणाघरात सोडायला निघालो होतो. वेग फार तर तीस. समोर सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची थरथर जाणवली आणि गाडी तशीच पुढे सरकत राहिली. झेब्रा क्रॉसिंग ओलांडून थांबली. एका आजोबांनी रस्त्यावर टाकलेला पाय वेळेत मागे घेतला. मागच्या सीटवर मुलगी हसत होती, तिला तो खेळ वाटला. माझे हात मात्र बराच वेळ कापत होते.

माझं नेमकं काय चुकलं?

ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणं. बर्फात गाडी जागेवरून हलवायला, चढ चढायला त्याचा छान उपयोग होतो. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. थांबताना ऑल-व्हील ड्राइव्ह वेगळी काही मदत करत नाही. तिथे फक्त रबर आणि रस्ता यांच्यातली पकड कामाला येते. उलट गाडी सहज पळते म्हणून आपल्याला वाटतं की ती सहज थांबेलही. मी अगदी तसाच फसलो.

त्याच संध्याकाळी टायरच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने मला दोन टायर बोटाने दाबून बघायला सांगितले. बाहेर उणे तापमानात ठेवलेला साधा टायर लाकडासारखा टणक लागला. शेजारचा हिवाळी टायर मात्र बोटाखाली दबला. रबर तेच, मग हा फरक कसा? घरी येऊन वाचत बसलो आणि चार्ल्स गुडइयर भेटला. त्याचं अख्खं आयुष्य याच एका प्रश्नात गेलं होतं: उन्हात वितळणार नाही आणि थंडीत कडक होणार नाही असं रबर बनवायचं कसं?

रबराचं वेड

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. वडिलांचा लोखंडी सामान आणि शेतीची अवजारं बनवण्याचा धंदा होता. चार्ल्सने पुढे फिलाडेल्फियात अशाच सामानाचं दुकान टाकलं. ते १८३० च्या सुमारास बुडालं आणि तो कर्जबाजारी झाला. त्या काळी कर्ज फेडलं नाही तर सरळ तुरुंगात टाकत. चार्ल्सला त्या तुरुंगाची पुढे सवयच झाली.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने एका रबर कंपनीच्या दुकानातून रबराचं लाइफ प्रिझर्व्हर विकत घेतलं. पाण्यात तरंगायला वापरतात ते. त्याची हवा भरायची झडप त्याला कच्ची वाटली, म्हणून सुधारून परत दुकानात दाखवायला नेली. दुकानदाराने त्याला खरं दुखणं सांगितलं. झडपेचा प्रश्नच नव्हता, रबरच निकामी होतं. उन्हाळा आला की माल वितळून चिकट, घाण वासाचा गोळा व्हायचा. हिवाळ्यात तोच माल कडक होऊन तडकायचा. गिऱ्हाइकं वस्तू परत आणत होती आणि कंपन्या एकामागोमाग एक बुडत होत्या.

अकोल्याच्या मे महिन्यात ड्रॉवरमधला जुना रबरबँड वितळून कागदाला चिकटलेला तुम्ही पाहिला असेल, तर तेव्हाच्या बूट-कोटांचं काय होत असेल याची कल्पना करा.

चार्ल्स केमिस्ट नव्हता. पैसे नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. तुरुंगात असतानाच त्याने कच्चं रबर मागवलं आणि बायको क्लॅरिसाचं लाटणं घेऊन ते मळायला सुरुवात केली. मॅग्नेशियाची पूड घालून बघितली. चुना घालून बघितला. थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा चिकटपणा यायचा. पुढे नायट्रिक ॲसिडने पृष्ठभाग सुधारतो असं लक्षात आलं. त्यावर धंदा उभा राहतोय तोच १८३७ ची मोठी मंदी आली आणि सगळं गेलं. घरात खायला नव्हतं, घरातल्या वस्तू गहाण पडत होत्या, मुलं आजारी पडत होती. त्याची कितीतरी मुलं लहानपणीच गेली. हे वाचताना मला त्याचा रागही आला. वेड त्याचं होतं, किंमत घरच्यांनीही मोजली.

नंतर त्याला नॅथॅनिएल हेवर्ड नावाचा माणूस भेटला. हेवर्ड रबरावर गंधक लावून ते उन्हात वाळवत असे. चार्ल्सने त्याच्याकडून ती पद्धत विकत घेतली. सरकारकडून टपालाच्या पिशव्यांची मोठी ऑर्डरही मिळवली. पिशव्या दिसायला सुंदर झाल्या, पण उष्णतेने काही दिवसांत लोंबून खराब झाल्या. गंधक फक्त वरच्या थरापर्यंत पोचलं होतं, आतलं रबर जसंच्या तसं होतं. पुन्हा नाचक्की, पुन्हा कर्ज.

चूल आणि दारावरचा खिळा

१८३९ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वोबर्न गावी तो निर्णायक क्षण आला. गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या चुलीला लागला. वितळण्याऐवजी तो चामड्यासारखा करपला, आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी होती की ती करपलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. हा निव्वळ योगायोग असं म्हणणं चार्ल्सला स्वतःला आवडत नसे. पाच वर्षं त्याच गोष्टीमागे लागलेल्या माणसालाच ती पट्टी दिसली असती, आणि मला ते पटतं.

पण माझ्या टायरशी जोडलेला भाग याच्या पुढचा आहे. घरच्यांच्या आठवणीनुसार त्याने तो तुकडा रात्री कडाक्याच्या थंडीत घराबाहेर दाराजवळ खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी आत आणून वाकवला, तर तो आदल्या दिवशीइतकाच मऊ होता. जगातली पहिली हिवाळी रबर-चाचणी म्हणावी अशी ही गोष्ट, तीही घरच्या दारात.

गंधक नेमकं काय करतं?

वाटीभर शिजवलेल्या शेवया डोळ्यासमोर आणा. रबराचे रेणू असेच लांबलांब असतात. उष्णता मिळाली की ते एकमेकांवरून घसरतात आणि रबर चिकट होतं. गंधकासोबत तापवलं की या शेवयांमध्ये जागोजागी गाठी बसतात. आता ताणलं तरी त्या सुटत नाहीत, आणि सोडलं की पुन्हा जागेवर येतात. गाठी कमी बसल्या तर रबर मऊ, फार बसल्या तर कडक. म्हणूनच गंधकाचं प्रमाण, तापमान आणि वेळ यांचं गणित जमवायला चार्ल्सला आणखी पाच वर्षं लागली. १५ जून १८४४ ला त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं.

या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात, रोमन अग्निदेव व्हल्कनच्या नावावरून. हा शब्द तुम्ही नक्की वाचलाय. आपल्याकडे हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानांवर वेगवेगळ्या स्पेलिंगमध्ये रंगवलेला असतो तोच! अकोल्याच्या रस्त्यावर मी तो लहानपणापासून बघत आलो, अर्थ कळला तो ऑटावात.

नाव मोठं, खिसा रिकामा

पेटंट मिळालं म्हणून दिवस पालटले नाहीत. चार्ल्सच्या रबराचे नमुने आधीच ब्रिटनमध्ये पोचले होते. थॉमस हॅनकॉकने त्यात गंधक ओळखलं, स्वतः प्रयोग केले आणि चार्ल्सच्या काही आठवडे आधी तिथे अर्ज केला. ब्रिटनचं पेटंट हातचं गेलं. अमेरिकेत नक्कल करणाऱ्यांशी कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. १८५२ मध्ये प्रसिद्ध वकील आणि राजकारणी डॅनियल वेबस्टर चार्ल्सच्या बाजूने उभा राहिला आणि खटला जिंकला. त्याची फी सुमारे १५,००० डॉलर होती, त्या काळी डोळे विस्फारणारी रक्कम.

चार्ल्स हातात आलेला पैसा पुन्हा रबरातच ओतत राहिला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने रबराच्या वस्तूंची भव्य दालनं उभारली. पॅरिसमध्ये कर्जापायी पुन्हा तुरुंगात गेला, आणि फ्रान्सच्या सम्राटाने दिलेला लिजन ऑफ ऑनर हा सन्मान त्याला तिथेच मिळाला.

१८६० मध्ये मुलगी मरणासन्न असल्याचं कळून तो तिला भेटायला निघाला. न्यूयॉर्कला पोचला तेव्हा ती गेल्याची बातमी आली. तिथेच तो कोसळला आणि १ जुलै १८६० ला गेला. डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. टायरवर दिसणारी गुडइयर कंपनी १८९८ मध्ये, म्हणजे त्याच्यानंतर ३८ वर्षांनी निघाली. तिने फक्त त्याचं नाव घेतलं, त्याच्या घराण्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

आता टायर निवडूया

चार्ल्सचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. एकच रबर कडक उन्हात आणि कडक थंडीत सारखंच चांगलं चालत नाही. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचं प्रमाण असं ठेवतात की ते गारठ्यातही मऊ राहतं. त्यावर बारीक चिराही असतात, त्या बर्फाला धरतात. मी शिकलो ते थोडक्यात:

१. खूण बघा. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र हवं. त्यासाठी टायरला बर्फावरची पकड चाचणीत सिद्ध करावी लागते. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर ते प्रामुख्याने नक्षीबद्दल सांगतं, अशा चाचणीबद्दल नाही.

२. चारही एकसारखे घ्या. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये दोनच बदलले तर पुढे-मागे पकड वेगळी होते आणि गाडी फिरू शकते. टायरांच्या झिजेत फार फरक असेल तर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवरही ताण येतो.

३. साइज गाडीच्या दारावरून घ्या. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. २०५/५५ आर १६ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी आणि १६ इंचांची रिम.

४. वय तपासा. चार आकडी कोडमध्ये पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. सेकंडहँड घेताना नक्षीची खोलीही मोजा. ४ मिलिमीटरच्या खाली बर्फातली पकड बरीच घटते.

५. हवा बघत राहा. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो.

६. खिळ्यांचे टायर घेण्याआधी नियम वाचा. ऑन्टॅरियोत ते फक्त उत्तर भागातल्या रहिवाशांना चालतात, ऑटावात नाही.

ऑन्टॅरियोत आणखी एक फायदा आहे. २०१६ पासून इथल्या विमा कंपन्यांना हिवाळी टायरसाठी सवलत द्यावी लागते. आणि उन्हाळा आला की हे टायर काढून ठेवा, कारण मऊ रबर गरम रस्त्यावर लवकर झिजतं. म्हणून महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी ते घ्यायची काहीच गरज नाही.

मी शेवटी डोंगर-हिमकणाची खूण असलेले चार टायर वेगळ्या रिमसह घेतले. खर्च झोंबला, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या आठवड्यात त्याच सिग्नलला, तशाच गोठलेल्या सकाळी मी ब्रेक दाबला आणि गाडी रेषेच्या आत थांबली. हवामानाच्या ॲपमध्ये मी आता ७ अंशांचा अलर्ट लावलाय. तो वाजला की मला दाराजवळ खिळ्याने ठोकलेला रबराचा तो तुकडा आठवतो, आणि मी टायर बदलायची वेळ बुक करतो.