गाव सुटलं, हिशोब नाही सुटला

कॉलेजसाठी गाव सोडून नाशिकला रूमवर राहणारे आपल्यात कितीतरी आहेत. गावी परत जाणार का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, तिथं आहे काय? हाच प्रश्न आपल्याच जिल्ह्यातल्या एका कवीच्या आयुष्याला लावून बघा.

वामन तबाजी कर्डक, म्हणजेच सगळ्यांचे वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. त्या काळी गावातल्या महार कुटुंबांची कामं जन्माआधीच ठरलेली असायची. निरोप पोचवा, राखण करा, मेलेलं जनावर ओढा. बदल्यात बलुतं आणि नावापुरती वतनाची जमीन. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामन सात वर्षांचा होता. शाळा तर त्याच्या वाट्याला आलीच नाही. अशी माणसं गाव सोडतात तेव्हा सगळा दोष दुष्काळावर ढकलून कसं चालेल?

आईबरोबर तो मुंबईला आला. कोळशाच्या वखारीत राबला, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. राहायला बीडीडी चाळ. तिथं एकदा कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि याला तर एक अक्षर येत नव्हतं. ते इतकं जिव्हारी लागलं की रडू फुटलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून मुळाक्षरं गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकली. तेव्हा वय विशीच्या आसपास, म्हणजे आपल्याएवढंच!

१९४३ मध्ये दादांनी पहिलं गाणं लिहिलं आणि मग ते थांबलेच नाहीत. बाबासाहेबांचा विचार घेऊन त्यांची गायन पार्टी गावोगाव फिरली. १९७३ मध्ये ‘वाटचाल’ आणि १९७६ मध्ये ‘मोहळ’ हे संग्रह आले.

गाव सोडलेल्यांच्या कवितेत विहीर, पाऊलवाट, चिंचेचं झाड हमखास भेटतं. दादांचं एक गाजलेलं गाणं मात्र टाटा, बिर्ला, बाटा यांची नावं घेऊन थेट देशाच्या संपत्तीतला हिस्सा मागतं. ज्याला गावात शिवाराचा हिस्सा मिळाला नाही, त्याला शहरातही कारखान्याचा मिळाला नाही, हा तो हिशोब. आपल्याच दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारत होते. त्यांचाही प्रश्न हाच होता.

१५ मे २००४ रोजी वामनदादा नाशिकमध्येच गेले.

आता गावात फक्त म्हातारी माणसं उरलीत, असं आपण हळहळून म्हणतो. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं ना, तर आधी एवढंच विचारा, जे निघून गेले त्यांच्या नावावर तिथं काय होतं?