अ‍ॅलन ट्यूरिंग

शेताची वाटणी करावयाची असली म्हणजे चिठ्ठ्या टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एखाद्या अजाण बालकास बोलावून त्याच्या हातून चिठ्ठी उचलवितात. कारण त्याचे मन कोणाच्याही बाजूस झुकलेले नसते. यहूदाच्या जागी नवा प्रेषित नेमतानाही शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या, हे आपण बायबलाच्या तासाला ऐकले आहे. त्या निष्पक्षपाती बालकाचे काम गणकयंत्राकडून करवून घेण्याची सूचना ज्या थोर गणितज्ञाने केली, त्याचे अल्पचरित्र आम्ही या अंकात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अ‍ॅलन ट्यूरिंग यांचा जन्म 23 जून 1912 रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर होते व मातामह तेथील रेल्वेचे मुख्य इंजिनियर होते. आईबाप हिंदुस्थानात आणि मुले परक्या घरी इंग्लंडात, अशा स्थितीत त्यांचे बालपण गेले. 1926 साली शेरबोर्नच्या शाळेत दाखल होण्याच्या दिवशीच देशव्यापी संप सुरू होऊन आगगाड्या बंद पडल्या. तेव्हा तेरा वर्षांचा हा मुलगा सुमारे 60 मैल सायकलवरून गेला. परंतु शाळा त्याने चुकविली नाही. तेथे क्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा बुद्धिमान मित्र त्यास लाभला. 1930 साली तो मित्र क्षयाने वारला. त्याचे अपुरे राहिलेले विद्याकार्य आपण पुढे न्यावे, असा निश्चय ट्यूरिंग यांनी त्या दुःखातच केला.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकून 1935 साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते तेथील फेलो झाले. पुढील वर्षी लिहिलेल्या निबंधात त्यांनी एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. लिहून दिलेल्या आज्ञा पाळून हे यंत्र कोणतेही शक्य असलेले गणित करू शकेल, असे त्यांनी दाखविले. आजच्या संगणकाचा तात्त्विक पाया तो हाच.

1939 साली महायुद्ध पेटताच ते ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या गुप्त लिपी उकलण्याच्या कामी रुजू झाले. जर्मनांचे एनिग्मा यंत्र मोठे गुंतागुंतीचे होते; तथापि ते चालविणारी माणसे कित्येकदा आळसाने शेजारशेजारची अक्षरे किंवा आपल्या प्रियजनांच्या नावातील अक्षरे किल्ली म्हणून निवडीत. अशा सवयींचा माग काढून पुष्कळ संदेश फोडता आले. मनुष्य मनाने निवडू लागला की त्याची आवड त्यात उतरते व चतुर शत्रू ती ओळखतो, हा यातील बोध होय.

युद्धानंतर 1948 साली ट्यूरिंग मँचेस्टर विद्यापीठात गेले. फेब्रुवारी 1951 मध्ये तेथे फेरांटी कंपनीचे गणकयंत्र आले. गणकयंत्र हे अत्यंत आज्ञाधारक. तेच आकडे व त्याच आज्ञा दिल्या तर उत्तरही तेच यावयाचे. मग ज्याचा अंदाज कोणासही बांधता येणार नाही असा आकडा त्याने आणावा कोठून? ट्यूरिंग यांच्या सूचनेवरून त्या यंत्रास एक निराळी विद्युत्-रचना जोडण्यात आली. विद्युत्-रोधकातील कण उष्णतेमुळे सदैव चुळबुळत असतात व त्यापासून सूक्ष्म विद्युत्-खळबळ निपजते. तिचे वर्धन करून शून्य व एक हे अंक मिळवीत. एका आज्ञेसरशी असे 20 अंक यंत्राच्या हाती येत. या यंत्राच्या आज्ञा समजावून देणारी पुस्तिकाही ट्यूरिंग यांनीच लिहिली.

आज हेच काम नखाएवढ्या चकतीत होते. ती चकती व संगणकाची मुख्य कार्यप्रणाली यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाची एक छोटी आज्ञावली दुभाष्याप्रमाणे उभी असते. चकतीकडून अंक मागून घेणे व ते कार्यप्रणालीच्या साठ्यात पोचविणे, हे तिचे काम. चकती बिघडून एकच अंक पुनःपुन्हा देऊ लागली तर तो माल नाकारण्यासाठी तपासणीचीही योजना असते. त्या साठ्यातूनच गुप्त किल्ल्या घडविल्या जातात. आपल्या पणदऱ्याचा शेतकरी मोबाइलवरून उसाचे पैसे पाहतो, तेव्हा त्याचा व्यवहार परक्यापासून झाकून ठेवणे अशाच किल्ल्यांवर अवलंबून असते. अंकांचा अंदाज लागला तर कुलूप असून नसल्यासारखेच.

अशा पुरुषाशी त्याच्या देशाने कसे वर्तन केले, हे सांगताना आम्हांस खेद होतो. 1951 साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि 1952 साली त्यांच्यावर खटला झाला. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम तत्कालीन इंग्लंडच्या कायद्याने गुन्हा मानले होते. तुरुंगाऐवजी त्यांस शरीरावर परिणाम करणारी औषधे घ्यावी लागली. 7 जून 1954 रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विषाने त्यांचा अंत झाला. ती आत्महत्या होय, असा चौकशीत निर्णय झाला. युद्धातील त्यांची कामगिरी गुप्त असल्यामुळे लोकांस त्यांच्या उपकारांची कल्पनाही नव्हती. 2013 साली राणीने त्यांस मरणोत्तर क्षमा दिली व 2021 साली इंग्लंडच्या 50 पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. परंतु क्षमा नेमकी कोणी कोणाची मागावयाची होती, याचा विचार वाचकांनीच करावा.

चिठ्ठी उचलणारे बालक कोणाचे तोंड पाहून चिठ्ठी उचलीत नाही. न्याय करणाऱ्याचे मनही तसेच असावयास हवे. विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गातील जो मुलगा इतरांहून निराळा दिसतो, त्याची थट्टा करण्यापूर्वी शेरबोर्नच्या वाटेवर एकटाच सायकल हाकणारा तो तेरा वर्षांचा मुलगा आठवा, एवढीच आमची विनंती आहे.